‘पाण्या’तला जुना स्वर

पावसाळ्यात हर्सूलच्या तलावाकडे आमच्या शहराचे डोळे लागलेले असतात. ‘पाणी किती आलं?’ असे विचारणारा माणूस पुढच्याच वाक्यात ‘पाण्याची पातळी’ म्हणतो. ‘कवी’चे मात्र ‘कव्याची’ होत नाही, ‘कवीची’च होते. दोन्ही शब्द ईकारान्त, मग हा भेद का? लिंगामुळे म्हणावे, तर ‘तेली’ही पुल्लिंगी आहे आणि त्याचे ‘तेल्याला’ होते.

कारण शब्दांच्या इतिहासात आहे. संस्कृत ‘पानीय’चे प्राकृतात ‘पाणिअ’ झाले. हालाची ‘गाथासप्तशती’ ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे, तिचे नाते इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणच्या सातवाहनांशी जोडले जाते. मराठीत येताना शेवटचे ‘इ’ आणि ‘अ’ मिसळून ‘ई’ उरली. सामान्यरूपात मात्र शेवटी दीर्घ ‘आ’ होता. तो टिकला आणि त्याच्या आधीच्या ‘इ’चा ‘य्’ झाला: पाण्या. ‘तैलिक’चा तेली, तेल्याला, ‘नवनीत’चे लोणी, लोण्याला. ‘कवी’ संस्कृतातून थेट उचललेला. त्याच्या शेवटी ‘अ’ कधी नव्हताच.

आता दही घ्या. मूळ ‘दधि’, शेवटी ‘अ’ नाही, तरी आपण ‘दह्याला’ म्हणतो. याचे दोन खुलासे संभवतात. एक तर बोलण्यात *दधिक असे वाढीव रूप रुळले असावे; किंवा दही पाण्या-लोण्याच्या चालीवर चालू लागले असावे. अशा तर्काने मांडलेल्या रूपापुढे भाषाशास्त्रज्ञ तारका लावतात.

हीच रीत फिनलंडमध्येही उपयोगी पडते. फिनिश भाषेत पाणी म्हणजे ‘वेसी’, ‘पाण्याचे’ म्हणजे ‘वेदेन’, आणि ‘थोडे पाणी’ अशा अर्थाच्या विभक्तीत ‘वेत्तॅ’. एकाच शब्दात स, द आणि त! पुढे ‘इ’ असताना मूळचा ‘त’ बदलत ‘स’ झाला, दुसऱ्या रूपात मऊ होऊन ‘द’ झाला, तिसऱ्यात तसाच राहिला. या तिन्हींवरून आणि नात्यातल्या भाषांशी केलेल्या तुलनेवरून आद्य-फिनिक भाषेतले *वेत्सी आणि त्यामागचे उरालिक कुळातले *वेते उभे करता येते. त्या काळचा एकही लेख हाती नसताना, केवळ आजच्या रूपांच्या आधारे.

शाळेत सामान्यरूप गुणांपुरते पाठ करून घेतले जाते. ते कारणासह शिकवायला हवे. नियमाला अपवाद ठरणारे प्रत्येक रूप मुलाला ‘असे का?’ विचारायला लावते, आणि त्या प्रश्नाचा पुरावा त्याच्या स्वतःच्या बोलण्यात असतो. विज्ञान शिकवायला याहून स्वस्त प्रयोगशाळा मिळणार नाही.