फोनवरचं व्हिजिटिंग कार्ड: गिऱ्हाइकाचा फोन आपल्यालाच लागला पाहिजे



आजचा मेसेज फवारणीचा नाही, विक्रीचा आहे. बेदाणा आणि हळद थेट घरगुती गिऱ्हाइकाला विकणारे सभासद वाढत चाललेत. बहुतेकांनी मोबाईलवर कार्ड बनवून घेतलंय. पण कार्ड दिसायला छान असणं वेगळं आणि कामाचं असणं वेगळं.

मागच्या दिवाळीआधीची गोष्ट. आपल्या एका सभासदाला पुण्याहून एका सोसायटीची 50 किलो बेदाण्याची ऑर्डर येणार होती. कार्ड त्यांच्यापर्यंत पोचलं, पण स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट होऊन. बारीक, नक्षीदार अक्षरांतला 8 त्यांना 3 दिसला. फोन भलत्यालाच लागला. दोनदा प्रयत्न करून त्यांनी दुसरीकडून माल घेतला. माल चांगला, भाव बरोबर, तरी ऑर्डर गेली ती एका आकड्यापायी. म्हणून पुढचं नीट वाचा.

*1) कार्ड उभं करा.*
छापील कार्ड साडेतीन बाय दोन इंचाचं, आडवं असतं. तेच फोनवर टाकलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. फोन आपण उभा धरतो, म्हणून कार्डही उभं हवं. बनवणाऱ्याला 1080 बाय 1920 हे माप सांगा.

*2) पाचच गोष्टी लिहा.*
नाव, गाव-तालुका, काय विकता, फोन नंबर, आणि कुठपर्यंत माल पोचवता. बस्स. देवाचा फोटो, शेताचा फोटो, चार घोषवाक्यं सगळं एकाच कार्डात कोंबलं तर नंबर सापडत नाही. फोटो एकच टाका, आणि तो आपल्याच मालाचा, उन्हाच्या उजेडात काढलेला. दुसऱ्याच्या मालाचा फोटो टाकला तर पाकीट उघडल्यावर गिऱ्हाईक बोलणारच.

*3) नंबर सगळ्यात मोठा.*
पांढऱ्यावर काळा किंवा गडद हिरवा, साधी जाड अक्षरं. 98765 43210 असा पाच-पाच आकड्यांत तोडून लिहा, वाचायला सोपा जातो. पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरं नकोत, उन्हात काहीच दिसत नाही.

*4) फोटोतला नंबर दाबून फोन लागत नाही.*
हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कार्डाच्या फोटोखाली तोच नंबर टाईप करूनही पाठवा. तो दाबला की सरळ फोन लागतो. सोबत आपला कॉन्टॅक्टही पाठवा, म्हणजे समोरचा एका बोटात सेव्ह करतो. कॉन्टॅक्टमध्ये नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि पुढे 'बेदाणा' किंवा 'हळद' जोडा. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाला तुमचं नाव आठवणार नाही, पण माल आठवेल आणि तो मालाच्या नावानेच शोधेल.

*5) फोटो फाटू नये म्हणून.*
व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याची क्वालिटी कमी होते. पहिल्यांदा पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, अक्षरं जशीच्या तशी राहतात.

*6) क्यूआर कोड लावायचा असेल तर.*
व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये तुमचा स्वतःचा क्यूआर फुकट मिळतो. तो तुम्ही स्वतः रीसेट केल्याशिवाय बंद पडत नाही. बाहेरच्या काही ॲपवर बनवलेले कोड फुकटची मुदत संपली की बंद पडतात, आणि तोवर कार्ड शेकडो लोकांकडे गेलेलं असतं. कोडभोवती पांढरी जागा सोडा आणि वाटण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर स्कॅन करून बघा. त्याच ॲपच्या कॅटलॉगमध्ये हिरवा बेदाणा, काळा बेदाणा, हळद पावडर असे प्रकार भावासकट टाकता येतात. भाव तिथेच ठेवा. कार्डावर छापलात तर भाव बदलला की कार्ड वाया.

*7) पैशांचा क्यूआर कार्डावर नको.* ⚠️
कार्ड हातोहात फिरतं. कोणी त्यावर स्वतःचा क्यूआर चिकटवून पुढे पाठवला तर पैसे त्याच्याकडे आणि शिव्या तुम्हाला. पैशांचा कोड ऑर्डर पक्की झाल्यावर त्याच गिऱ्हाइकाला पाठवा. दुसरं, "पैसे पाठवतो, स्कॅन करा आणि पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 ला फोन करा.

*8) खरं तेवढंच लिहा.*
पाकीटबंद माल विकत असाल तर तुमचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर कार्डावर टाका, अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. 'सेंद्रिय' हा शब्द प्रमाणपत्र असेल तरच. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचं चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनीच लावायचं असतं. नोंद नसेल तर चिन्ह लावू नका, नोंदणीबद्दल ऑफिसात विचारा.

*शेवटची परीक्षा:* कार्ड तयार झालं की घरातल्या वयस्कर माणसाला चष्म्याशिवाय दाखवा. त्यांनी नंबर बरोबर वाचला आणि काय विकतो ते सांगितलं, तर कार्ड पास. नाहीतर अक्षर मोठं करा, मजकूर कमी करा.

आणि हो, नंबर बदलला तर त्याच दिवशी नवीन कार्ड पाठवा. जुनं सिम लगेच बंद करू नका, एक हंगाम तरी चालू ठेवा. जुनी कार्डं लोकांच्या फोनमध्ये असतातच.

बनवलेलं कार्ड वाटण्याआधी याच नंबरवर पाठवा, आम्ही बघून सांगू. लिहायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज टाका.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌾