आईच्या हातातला दवाखाना



दसरा झाला की मुरुडवरून जाणाऱ्या लातूर-बार्शी रस्त्यावर ऊसतोडीचे ट्रॅक्टर दिसू लागतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, सरपण, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली लेकरे. आमच्या भागातल्या लमाण तांड्यांवरची आणि पारधी वस्त्यांवरची पुष्कळ कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत राहायचे आणि हंगाम संपला की परत यायचे.

कायद्याच्या भाषेत ही माणसे निर्वासित नाहीत. देशाची सीमा ओलांडून ती गेलेली नसतात. पण कोपीत मूल आजारी पडले की त्यांची गत निर्वासितांसारखीच होते. आशाताई गावी, अंगणवाडी गावी, लसीकरणाचे कार्ड पत्र्याच्या पेटीत गावी. दवाखान्यात जायचे तर त्या दिवसाचा खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. म्हणून दुखणे अंगावर काढायचे.

या कामात मी बरीच वर्षे आहे, तरी माझी एक चूक तुम्हांला सांगितलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी हंगामाआधी एका तांड्यावर मी जुलाबाविषयी बोललो. चित्र दाखवले, ओआरएसची पाकिटे वाटली, बायांनी माना डोलावल्या. पाडव्यानंतर त्याच तांड्यावर गेलो, तेव्हा एका तरुण आईची कूस रिकामी होती. दहा महिन्यांच्या बाळाला कोपीत जुलाब लागले होते. पाणी पाजले की जुलाब वाढतात, असे शेजारणीने सांगितले म्हणून तिने पाणी बंद केले. मी दिलेले पाकीट तिच्या पिशवीत तसेच होते. ती म्हणाली, “दादा, तुम्ही सांगितलं होतं, पण कालवायचं कसं ते मला उमगलं नव्हतं.” मी सांगितले होते, शिकवले नव्हते.

त्यानंतर मी १९७१ सालची एक हकीकत वाचली. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली. रुग्ण दाटीवाटीने जमिनीवर पडलेले, आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पाणी पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आया, बहिणी, आज्या घोटघोट पाजत राहिल्या. शंभरांतले तीसेक रुग्ण दगावत होते; ते प्रमाण चारांच्याही खाली आले. सगळे हरवलेल्या त्या बायकाच तिथल्या परिचारिका झाल्या. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

हीच गोष्ट आपल्याजवळ, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जामखेडला घडली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर आणि दलित समाजातल्या, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. सुरुवातीला त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत मरत असत. दोन दशकांत हा आकडा तिसाच्या खाली आला. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा उत्तम आरोग्यसेविका होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आम्ही भाषण देत नाही. भाद्रपदात तांड्यावर बसतो आणि प्रत्येक बाई स्वतःच्या हाताने पाणी तयार करते. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मग चव घ्यायची: डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर टाकून द्यायचे, कारण जास्त मीठ बाळाला घातक असते. एक लिटरचे पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवायचे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. तयार पाणी चोवीस तासांनंतर वापरायचे नाही. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा मूल पिईनासे झाले, तर खाडा पडला तरी दवाखाना गाठायचा. मग ती हे सगळे आपल्या जावेला किंवा नणंदेला शिकवते. तिला शिकवता आले की आमचा धडा पूर्ण.

आणखी दोन गोष्टी आम्ही सोबत देतो. पहिली, प्रश्न विचारण्याचे बळ. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणून आम्ही बायांना सांगतो: पिशवी काढा असे कुणी म्हणाले तर आधी विचारा, आजार कोणता, औषधाने बरा होणार नाही का, आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. दुसरी गोष्ट, कागद. माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यायचे. शाळेकडून मुलाचे शिक्षण हमी कार्ड मागून घ्यायचे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येते. आजी-आजोबा गावी असतील तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करून मुलाला मागे ठेवायचे. कोपीत राहिलेली थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते आणि तिची शाळा तिथेच सुटते, हे आम्ही वारंवार पाहतो.

ज्या आईचे बाळ गेले, ती आज आमच्या सभेत पुढे बसते. मिठाचा चमचा सपाट करायला तीच नव्या मुलींना शिकवते. गेल्या हंगामात तिने आपल्या टोळीतल्या दोन लेकरांना रात्रभर जागून पाणी पाजले. दोघेही चालत परत आले.

बाळ येशूलाही त्याचे आईबाप रातोरात मिसर देशात घेऊन गेले होते. परक्या मुलखात कुणीतरी त्यांना पाणी दिले असेल, आसरा दिला असेल. तुमच्यापैकी जे साखर कारखान्यांच्या परिसरात राहतात, त्यांना विनंती आहे की या हंगामात एकदा कोप्यांवर जा. जवळचे आरोग्य केंद्र कुठे आहे, लसीकरण कोणत्या दिवशी असते, शाळा किती वाजता भरते, एवढे सांगा. बरोबर ओआरएसची पाकिटे न्या, पण नुसती वाटू नका. कालवून दाखवा आणि मग पातेले आईच्या हातात द्या.