अंधारातली ट्रॉली आणि नवी गाडी

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. गाडीचं बॉनेट उघडून आत डोकावलो की मला फक्त पाणी कुठं भरायचं तेवढं कळतं. तरीही गेल्या वर्षी माझा भाचा मला म्हणाला, "मामू, नवी गाडी घ्यायचीय. तुम्ही सोबत चला." मी म्हटलं, "बेटा, मला काय कळतं त्यातलं?" तो म्हणाला, "म्हणूनच चला. तुम्ही प्रश्न विचारता."

यामागं एक दुःख आहे. माझे दुलाभाई, म्हणजे या मुलाचे वडील, काही वर्षांपूर्वी उसाच्या हंगामात जयसिंगपूरजवळ रात्री गेले. टायर फुटलेली उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. त्यांची जुनी गाडी सरळ त्या उसात घुसली. त्यामुळं नव्या गाडीचा विषय निघाला तेव्हा आपा एकच वाक्य बोलली, "अंधारात उभी असलेली ट्रॉली जिला दिसेल, तीच गाडी घे."

शोरूममध्ये गेलो. तिथला तरुण विक्रेता मोठा गोड बोलणारा होता. म्हणाला, "सर, या गाडीत ॲडास आहे. समजा ही स्वतःच चालते." मी विचारलं, "मग चुकलं तर दंड कोण भरणार?" तो हसला. पण त्या हसण्यातच खरं उत्तर होतं.

ॲडास म्हणजे चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा. साहाय्य हा शब्द इथं महत्त्वाचा. जगभर या यंत्रणांच्या ० ते ५ अशा पायऱ्या मानतात. शून्यावर गाडी फार तर इशारा किंवा क्षणभराची मदत देते, पाचव्या पायरीवर तिला चालक लागतच नाही. आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या गाड्या पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर आहेत. दुसऱ्या पायरीवर गाडी काही वेळ वेगही सांभाळते आणि स्टिअरिंगही थोडं वळवते, पण नजर आणि जबाबदारी चालकाचीच राहते. आधी हे सगळं महागड्या गाड्यांत असे. २०२४ साली आलेल्या होंडा अमेझ किंवा महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओसारख्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत ते मिळू लागलं आणि मध्यमवर्गाच्या हिशेबात आलं.

या यंत्रणेला डोळे दोन. काचेच्या वरच्या बाजूला, आरशामागं कॅमेरा असतो आणि पुढच्या जाळीत किंवा बंपरमागं रडार. काही गाड्यांत नुसता कॅमेराच असतो. कॅमेरा पांढरे पट्टे, वाहनं, माणसं ओळखतो. रडार समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग मोजतं. त्यावरून गाडी पुढच्या वाहनापासून ठराविक अंतर राखते, पट्टा सोडून चाललात तर सावध करते आणि टक्कर होणार असं वाटलं तर आपणहून ब्रेक लावते.

आता आपाच्या ट्रॉलीकडं येऊ. रडारला रस्त्याकडेचा खांब, पाटी, पूल हे सगळंच उभं दिसतं. प्रत्येक उभ्या वस्तूला घाबरून गाडी ब्रेक मारू लागली तर मागचा येऊन आदळेल. म्हणून वेग जास्त असताना उभ्या वस्तूंच्या बाबतीत अनेक यंत्रणा हात आखडता घेतात आणि कॅमेऱ्यानं ओळख पटवण्याची वाट पाहतात. कॅमेरा शिकलेला असतो मोटारीची, ट्रकची, माणसाची पाठ. दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेली बिनदिव्याची ट्रॉली त्याला ओळखू येईलच असं नाही. बैलगाडी, म्हैस, उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल यांचंही तसंच. मुसळधार पाऊस, धुकं, समोरून येणारं मावळतीचं ऊन यांत कॅमेरा आपल्यासारखाच दिपतो. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत हे सगळं छापलेलं असतं, फक्त ते पान कोणी उघडत नाही.

मग पैसे वाया का? तसंही नाही. शेजारच्या पट्ट्यातून येणारं, आरशात न दिसणारं वाहन दाखवणारा दिवा आपल्या रस्त्यांवर फार कामाचा. पार्किंगमधून मागं येताना आडवं येणारं वाहन सांगणारी यंत्रणाही तशीच. आणि शेवटच्या क्षणी गाडीनं लावलेल्या ब्रेकनं टक्कर टळली नाही, तरी धडकेचा वेग कमी होतो. त्या फरकात जीव वाचू शकतो.

पण निवड करताना क्रम चुकू नये, हे मला फिरता फिरता कळलं. पहिला क्रम गाडीच्या सांगाड्याचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडं भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं समोरून आदळवतात, बाजूनंही धडक देतात, आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी वेगवेगळे तारे देतात. २०२३ च्या या नियमांत ॲडासला गुण नाहीत. म्हणजे तारे वेगळे आणि ॲडास वेगळं. दोन्हींची चौकशी स्वतंत्र करावी लागते.

दुसरा क्रम सहा एअरबॅग, गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा आणि मागच्या तिन्ही जागांना तीन टोकांचे पट्टे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी मोठी होती, पण पट्ट्याचं काम पट्टाच करतो.

तिसरा क्रम भरवशाचा. अगदी नवं मॉडेल आलं की निदान वर्षभर थांबावं, पहिल्या खेपेतले दोष तोवर बाहेर येतात. त्या गाडीसाठी कंपनीनं काही दुरुस्तीकरता गाड्या परत बोलावल्या होत्या का, हेही पाहावं. आम्ही शोरूमपेक्षा वर्कशॉपच्या आवारात जास्त वेळ काढला. सर्व्हिसिंगला आलेल्या, चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चाललेल्या गाड्यांच्या मालकांशी चहा घेत बोललो. माणसं आपल्या गाडीविषयी मनापासून बोलतात, आपल्या दुखण्याविषयी बोलावं तसं!

तिथंच एकानं मोलाची गोष्ट सांगितली. दगड उडून पुढची काच फुटली आणि नवी बसवली की कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर त्याची नजर तिरकी होते. हे काम आपल्या गावात होतं की पुण्याला न्यावं लागतं? काचेची, रडार असलेल्या बंपरची किंमत किती? विमा त्यातलं किती देतो? हे प्रश्न गाडी घेण्याआधीचे. आणखी एक, पुढं लोखंडी गार्ड लावू नये. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्र सरकारनं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि रडारच्या डोळ्यावर ती झापडच. चिखलाचंही तेच, आणि दसऱ्याला बंपरवर बांधलेल्या झेंडूच्या जाड हाराचंही. पूजा झाली की हार सोडून मगच गाडी काढावी.

चाचणी फेरी शोरूमभोवती मारून उपयोग नाही. आम्ही हायवेवर गेलो. भाच्यानं इशाऱ्याचा दिवा न लावता पट्टा बदलला, तर स्टिअरिंगनं हात मागं ओढला. तो दचकला. मी म्हटलं, "चल, तुझ्या अब्बांनंतर तुला शिस्त लावणारं कोणीतरी भेटलं." रहदारीत अंतर राखणारी यंत्रणा मात्र वैतागवाणी ठरली. पुढं जागा सोडली की तिथं कोणीतरी घुसायचाच, आणि गाडी पुन्हा मागं सरायची. शहरात ती बंद ठेवायची, हे ठरलं. ती कशी बंद होते, हेही तिथंच शिकून घेतलं.

शेवटी हिशेब केला. वरच्या प्रकारात ॲडाससोबत छताची काच आणि चामड्यासारखी आसनंही गळ्यात पडत होती. आम्ही त्या खालचा प्रकार निवडला, ज्यात पाच तारे, सहा एअरबॅग, ईएससी आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा होती. गाडी ताब्यात घेण्याआधी विक्री प्रमाणपत्रावरचा उत्पादनाचा महिना पाहिला, टायरवरची तारीख पाहिली.

आणि एक गणित मी भाच्याला कागदावर मांडून दिलं. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरा, तेवढ्यात ३३ मीटर गेले. पुढं थांबायला आणखी ३० च्या वर. खाली केलेल्या दिव्यांच्या झोतात दिसतं साधारण ५० मीटर. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. ६० च्या वेगात हेच अंतर ४५ मीटरच्या आत येतं. ट्रॉलीला मागं चमकणारी लाल पट्टी असती तर ती कितीतरी आधी दिसली असती. ती पट्टी लावणं ट्रॉलीवाल्याच्या आणि कारखान्याच्या हातात, वेग आपल्या हातात.

गाडी घरी आली त्या दिवशी आपा मागं बसली. पट्टा लावेपर्यंत गाडी टिंगटिंग करत राहिली. पट्टा लावून झाल्यावर तिनं विचारलं, "हिला ट्रॉली दिसेल ना रे?"

भाच्यानं आरशातून तिच्याकडं पाहिलं. म्हणाला, "अम्मी, कदाचित दिसेल. नाही दिसली तर मी हळू असेन."

आपा काही बोलली नाही. तिनं फक्त पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला.