पाच मशिनं आणि एक अर्ज

आमच्या शिरवळच्या समाजमंदिरात कोपऱ्यात पाच शिलाई मशिनं उभी आहेत. वर जुनी साडी पांघरलेली. साडी उचलली की प्रत्येक मशिनवर कंपनीच्या नावाची चकचकीत पट्टी दिसते. ती आली त्या दिवशी काय थाट होता म्हणून सांगू! मांडव, नारळ, पेढे. आम्ही बचत गटातल्या बायका काठापदराच्या साड्या नेसून फोटोला उभ्या राहिलो. मग एक बाई बारा दिवस शिकवून गेल्या. सहा महिन्यांत चार मशिनं बंद. एकाचा पट्टा तुटला, एकाची बॉबिन केस हरवली, बाकीची नुसतीच धूळ खात बसली. शिवायचं काय आणि विकायचं कुठे, हे आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आम्हीही बोललो नव्हतो. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची?

परवा गटाच्या बैठकीत हाच विषय निघाला. जाऊबाई म्हणाल्या, "पण या कंपन्या देतात तरी कशाला गं? पुण्य लागतं म्हणून?"

मैत्रिणींनो, मलाही तसंच वाटायचं. घरी येऊन लेकीला विचारलं, थोडं वाचलं, तेव्हा कळलं की आता तो कायदाच आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातलं 135 वं कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून जास्त, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. म्हणजे सरासरी नफा दहा कोटी असेल, तर वीस लाख. हायवेच्या कडेला कारखान्यांची रांग बघत आपण रोज जातो, पण हा हिशेब कधी मनात आला नव्हता.

आणि हो, कंपनी जिथे आहे तिथल्या परिसराला आधी प्राधान्य द्यावं, हेही त्याच कायद्यात आहे. राजकीय पक्षाला दिलेली देणगी त्यात धरत नाहीत. फक्त आपल्याच कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्चही चालत नाही. किती खर्च केला, कशावर केला, ते वार्षिक अहवालात छापावं लागतं. आपल्या गटाच्या हातात मात्र सहसा थेट पैसे येत नाहीत. कंपनी स्वतः काम करते, नाहीतर आपल्या फाउंडेशनमार्फत किंवा नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत करून घेते.

कायदा नव्हता तेव्हाही देणारे होतेच. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी पत्नीच्या नावाने ट्रस्ट काढला. टाटांच्या त्या पैशातून जगभरातल्या शास्त्रज्ञांना या आजारावरच्या संशोधनासाठी मदत मिळत आली आहे. दुःख मुंबईच्या घरातलं, पण औषधाचा शोध कुठल्याही देशात लागला तरी चालेल! मला हे फार मोठं वाटतं.

पण माझ्या मनात घर केलं ते आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडने. माण तालुका, कायमचा दुष्काळी. तिथे चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण काय, तर सभासद बायका अंगठेबहाद्दर! बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, तुमचे अधिकारी कॅल्क्युलेटरशिवाय आधी करतात की आम्ही, बघू. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली.

पुढे 2006 मध्ये एचएसबीसी या परदेशी बँकेच्या मदतीने तिथे ग्रामीण बायकांसाठी उद्योगाचं शिक्षण देणारी शाळा निघाली. लांबच्या वाडीतल्या बाईला घर, गुरं सोडून शाळेत येता येत नाही, हे लक्षात आल्यावर शाळाच बसमध्ये बसवून गावोगाव नेली. पैसा बाहेरचा, पण बाईची अडचण काय आहे हे ओळखणारी माणसं म्हसवडची. आमच्या मशिनांच्या बाबतीत नेमकं तेच राहून गेलं होतं.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. दोघी-तिघींचं मत पडलं, आणखी मशिनं मागूया. तेवढ्यात कोपऱ्यातल्या काकू बोलल्या. त्या एरवी सहीपुरत्या येतात. म्हणाल्या, "दान कशाला मागता? कामगारांचे ॲप्रन ते कुठून तरी शिवून घेतातच ना? ते आम्हाला द्या म्हणावं."

सगळ्या गप्प. इतकी साधी गोष्ट! ॲप्रनची ऑर्डर ही कंपनीची रोजची खरेदी, दोन टक्क्यांशी तिचा संबंधच नाही. मग आम्ही अर्जात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या. दोन टक्क्यांतून मशिनं दुरुस्त करून द्या आणि परिसरातल्या बायकांना कटिंग शिकवायला सहा महिने माणूस द्या. आणि खरेदी खात्याने आमचा एक नमुना बघावा. कच्चा मजकूर तीन वेळा खोडला. "कृपा करून" हे शब्द काकूंनी काढायला लावले.

या वेळी दुसऱ्या एका कारखान्यात गेलो. गेटवरच्या वॉचमनदादांनी आधी वर्गणीवाल्या समजून परतच लावलं होतं. शेवटी ऑफिसातल्या मॅडम भेटल्या, अर्जावर पोच दिली आणि म्हणाल्या, "दुरुस्तीचं समितीपुढे ठेवते, वेळ लागेल. पण ॲप्रनचे तीन नमुने सोमवारपर्यंत आणा. शिवण दुहेरी हवी."

आज शनिवार. चालू असलेलं एकुलतं एक मशिन समाजमंदिरातून माझ्या ओसरीवर आणलंय. दोन ॲप्रन झालेत. तिसऱ्याचा खिसा वाकडा आलाय, काकू तो उसवत बसल्यात.