ओंजळभर नोकरी

परवा महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर एक मुलगी भेटली. जवळच्याच ग्रामपंचायतीत संगणक परिचालक. गावकऱ्यांना जन्माचे दाखले काढून देते.

“म्हणजे सरकारी नोकरी की गं!” मी म्हणालो.

ती हसली. “काम सरकारी, काका. नेमणूक कंत्राटी.”

२०११ साली ‘संग्राम’ योजनेने ग्रामपंचायतींत संगणक आणला. पुढे ‘आपले सरकार’ केंद्रे आली. चालवणाऱ्यांच्या नेमणुका मात्र मानधनावर! कायम व्हायचे तर लिपिकाची स्पर्धा परीक्षा, मिनिटाला ३० शब्दांचे मराठी टंकलेखन आणि एमएस-सीआयटी. तिच्याजवळ दोन्ही प्रमाणपत्रे आहेत. दिवसा इतरांचे अर्ज भरते, रात्री स्वतःचा अभ्यास करते.

मी पाण्याकडे पाहिले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पाणी मात्र २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब पायऱ्या उतरले तेव्हा ओंजळीत आले. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली! कागदावरचा हक्क हाती यायला एवढी वर्षे लागतात.

“परीक्षा कधी?” मी विचारले.

“फॉर्म भरलाय, काका. या वेळी माझा स्वतःचा!”