चौकट : विडंबन कुणाचे, संगीताचे की प्रसिद्धीचे?

टेरी प्रॅचेट यांची 'सोल म्युझिक' (1994) ही डिस्कवर्ल्ड मालिकेतली 16वी कादंबरी रॉक संगीताची टर उडवते, असा समज आहे. तो अर्धाच खरा. नायक इम्पच्या वेल्श वळणाच्या नावाचा अर्थ 'हॉलीच्या झाडाची कळी', म्हणजे इंग्रजीत थेट बडी हॉली. 3 फेब्रुवारी 1959 रोजी विमान अपघातात वयाच्या 22व्या वर्षी गेलेला गायक. एवढी कोटी रचायला त्या संगीतावर जीवच असावा लागतो. आसूड पडतो तो डिब्लरवर : काल पावात घालून संशयास्पद सॉसेज विकणारा हा गृहस्थ आज बँडचा मॅनेजर होतो आणि बँडच्या नावाचे शर्टही खपवतो. शिवाय इथले संगीतच नायकाला जगवते, ते त्याने दंतकथा होऊन लवकर मरावे म्हणून. कौतुकाची ही भूक विनोदी खरी, पण अंगावर येते.

बहरीनच्या माहूजमधल्या मराठी वाचकाला हे संदर्भ परके वाटतील, हा आक्षेप रास्त आहे. पण रॉक बहरीनला नवे नाही. इथल्या 'ओसायरिस' बँडचा पहिला अल्बम 1982चा. आणि विडंबनाची सवय आपल्याला अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'ने केव्हाच लावली. मूळ कविता न वाचताही त्यातला कवीचा आव ओळखून आपण हसतोच. प्रॅचेटचे काही श्लेष निसटतील, डिब्लर मात्र निसटणार नाही.