सुटीतली सिगारेट

मी बावीस वर्षं सिगारेट ओढली आणि तीनदा सोडली. पहिल्या दोन्ही वेळा ती पुन्हा सुरू झाली दिवाळी ते ३१ डिसेंबर या काळात. पहिल्यांदा भाऊबीजेच्या रात्री, सासुरवाडीच्या गच्चीवर साडूंनी पाकीट पुढे केलं तेव्हा. दुसऱ्यांदा दापोलीजवळच्या एका मित्राच्या घरी, कॉलेजातल्या जुन्या कंपूबरोबर, वर्ष संपायला वीसेक मिनिटं उरली असताना. दोन्ही वेळा मला कसलाही ताण नव्हता. उलट मी मजेत होतो. माणूस काळजीपोटी सिगारेट ओढतो असं आपण ऐकत आलेलो असतो. मग सगळं छान चाललेलं असताना ती बोटांत कशी येते? या प्रश्नाचा माग काढताना जे वाचलं आणि तिसऱ्या खेपेला जे जवळून पाहिलं, ते इथे मांडतो आहे.

शरीराचा भाग आधी सांगून टाकतो. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं आणि साधारण दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. नियमित ओढणाऱ्याचा दिवस या घसरणीच्या तालावर चालतो. सिगारेट सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड यांचा जोर पहिल्या आठवड्यात, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत तो बराचसा ओसरतो. पहिल्या वेळी मी दसऱ्याला सिगारेट सोडली होती. म्हणजे भाऊबीजेपर्यंत तीन आठवडे उलटले होते आणि शरीराची मागणी बरीच शमली होती. तेव्हा दोष निकोटिनच्या माथी मारून मला सुटता येत नाही.

एक गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. तंबाखूच्या धुरातली काही रसायनं यकृताचं काम अशा रीतीने वाढवतात की कॅफिन शरीरातून लवकर बाहेर पडतं. धूर बंद झाला की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहाचं कॅफिन रक्तात जास्त साचतं. दिवाळीत फराळाच्या निमित्ताने दिवसभरात पाच घरी चहा होतो. संध्याकाळी हात थरथरतात, जीव उगाच घाबराघुबरा होतो आणि आपल्याला वाटतं, सिगारेट नसल्यामुळेच हे होतंय. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती, तर निदान दोन चहा तरी वाचले असते.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं ते १९८२ सालच्या एका अभ्यासात. सॉल शिफमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, सिगारेट सोडल्यावर मोहाच्या क्षणी मदतीसाठी फोन करणाऱ्या १८३ जणांच्या मुलाखती घेतल्या. बहुतेकांचे कसोटीचे प्रसंग काळजी, राग, उदासी यांतले होते. पण जवळपास एक तृतीयांश प्रसंग चांगल्या मनःस्थितीतले निघाले. शेजारी कुणीतरी ओढत होतं, जेवण झालं होतं किंवा हातात पेला होता. माझी गच्ची आणि माझं दापोली, दोन्ही त्या एक तृतीयांशात बसतात. त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद मला मोलाची वाटते. मोहाच्या क्षणी माणसाने काहीही केलं, म्हणजे जागा बदलली, तोंडात काही टाकलं, स्वतःची समजूत घातली, तरी ते काहीच न करण्यापेक्षा बरं ठरत होतं. दारूने मात्र ही काहीतरी करण्याची ताकदच कमी होत होती.

शेजारी कोण आहे याला इतकं महत्त्व का? ज्याने टपरीवर आयुष्य काढलं आहे त्याला हे समजावून सांगायला नको. कचेरीत ‘सिगारेट ओढायला चल’ असं कुणी म्हणत नाही. ‘चल, खाली जाऊन येऊ’ म्हणतात. कुणाची बदली होणार, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, साहेब का भडकला, हे सगळं मला त्या पाच मिनिटांत कळायचं. एका काडीवर तिघांच्या सिगारेटी पेटायच्या. सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, तरी माझ्या कोपऱ्यावरच्या टपरीत हल्लीही सुटी मागितली तर मिळते. सोडल्यावर मला हुरहुर लागली ती धुराची कमी आणि त्या टपरीची जास्त. सुटीत तर ही टपरीच घरी येते. जुने मित्र, चुलतभाऊ, साडू, मेहुणे, ज्यांच्याबरोबर ओढायला शिकलो तीच माणसं वर्षातून एकदा एकत्र भेटतात. त्यांना आपली जुनी ओळख हवी असते आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही.

हा केवळ माझा अनुभव नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रदीर्घ आरोग्य-अभ्यासातल्या नोंदी घेऊन निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी १९७१ ते २००३ या काळातल्या १२,०६७ माणसांचं नात्यांचं जाळं उभं केलं. त्यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं की माणसं सिगारेट एकेकटी सोडत नाहीत. जाळ्यातले गटच्या गट एकदम सोडतात. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी, भावंडाने सोडली तर २५ टक्क्यांनी. असल्या अभ्यासात कारण कोणतं आणि नुसता योगायोग कोणता, हे वेगळं काढणं अवघड असतं. त्यावर तज्ज्ञांमध्ये पुढे वादही झाले. पण ज्याने टपरी पाहिली आहे त्याला हे आकडे परके वाटणार नाहीत.

सगळ्यांनी मिळून सोडण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. श्रावणात ज्याच्या ताटात मटण नसतं त्याला कुणी आग्रह करत नाही. माळकऱ्याला तर बाराही महिने नाही. गळ्यातली माळ समोरच्याला न बोलता सांगते, आणि मग दरवेळी नकार देण्याचे कष्ट पडत नाहीत. अमेरिकेत याच धर्तीवरचा एक दिवस आहे. १९७० साली मॅसॅच्युसेट्समधल्या रँडॉल्फ गावी आर्थर मुलेनी यांनी लोकांना एक दिवस सिगारेट न ओढता वाचलेले पैसे शिष्यवृत्तीला द्यायला सांगितलं. १९७४ मध्ये मिनेसोटातल्या मॉन्टिसेलोच्या स्थानिक वृत्तपत्राचे संपादक लिन स्मिथ यांनी गावाला धूम्रपानमुक्तीचा दिवस पाळायला लावला आणि १९७७ पासून अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो देशभर नेला. दिवस नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या बरोबर एक आठवडा आधी, जेवणावळींचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर. इंग्लंडमध्ये २०१२ पासून ऑक्टोबरमधले २८ दिवस असेच पाळले जाऊ लागले. आपल्याकडे श्रावण दिवाळीच्या कितीतरी आधी संपतो, आणि सिगारेट हा त्याचा विषयही नाही. दिवाळीत तर उलटाच परवाना असतो: ‘सणाला एक चालते रे!’

पण सोबत म्हणजे कुणाची, इथे मेख आहे. घरच्या माणसाला नेमून, त्याला शिकवून-पढवून व्यसन सोडणाऱ्याला साथ द्यायला लावण्याचे पुष्कळ प्रयोग झाले. २०१८ साली त्या सर्वांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दीर्घकाळाच्या यशात त्याने भर पडल्याचं दिसलं नाही. घरच्यांची साथ आणि घरच्यांची पाळत यांत फरक किती कमी असतो, हे माझ्या बायकोला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. याउलट ब्रिटनमधल्या १९९८ सालच्या एका प्रयोगात व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्याच जोड्या लावल्या. उपचार संपेपर्यंत जोडीतल्या २७ टक्के लोकांनी संयम पाळला होता, एकट्यांपैकी १२ टक्क्यांनी. मुदत थोड्या आठवड्यांची होती हे खरं. पण सुटीही थोड्याच आठवड्यांची असते. गटात सोडणाऱ्यांना एकट्याने पुस्तिका वाचून सोडणाऱ्यांपेक्षा अधिक यश येतं, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. औषधांची गरज त्याने संपत नाही. मी स्वतः पहिले दोन महिने डॉक्टरांनी दिलेला निकोटिनचा च्युइंगगम चघळला.

आमचा गट एका रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात जमला. पाच बैठका झाल्या, शेवटची दिवाळीच्या आठ दिवस आधी. त्यानंतर केंद्राला सुटी. जेव्हा सगळ्यांत गरज तेव्हाच दाराला कुलूप! आम्ही सहा जण होतो. निवृत्तीला आलेले एसटीतले एक कंडक्टर, एक शिक्षिका, एक रिक्षावाले, संगणकाच्या कंपनीतला एक तरुण, मी आणि त्याच रुग्णालयात सफाईचं काम करणाऱ्या मावशी. मावशी मशेरी लावायच्या. धूम्रपानाच्या गटात मशेरी कशाला, असं मला आधी वाटलं होतं. पण २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे खरे अल्पसंख्य आम्हीच होतो.

रोज दिवेलागणीला एकमेकांना फोन करायचा, ही कल्पना मावशींची. सुरुवातीला आम्ही विचारायचो, “काय, सुटली ना अजून?” त्यावर सगळे “हो” म्हणायचे आणि बोलणं संपायचं. मावशी वेगळं विचारायच्या. “आज कुठं जायचंय? तिथं कोण कोण असंल? हातात काय धरणार?” हातात काय धरणार, याचं उत्तर खरोखरच ठरवावं लागतं. शिक्षिकाबाई बडीशेपेची डबी धरायच्या. मी मोबाइल धरून गच्चीच्या जिन्यात उभा राहिलो आणि साडूंना वर एकट्यालाच जाऊ दिलं. त्यांना ते आवडलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री कंडक्टरकाका डेपोतल्या जुन्या सोबत्यांत बसले आणि दोन सिगारेटी ओढले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मावशी म्हणाल्या, घरी जाऊन येऊ. आम्ही शहाणी माणसं म्हणालो, सणाचे दिवस आहेत, कशाला त्रास द्यायचा? पाच दिवसांनी भेटले तेव्हा दिवसाला पाकीट सुरू होतं. मला म्हणाले, “तुम्हाला तोंड कसं दाखवणार होतो, साहेब?”

ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमारास या मनःस्थितीचं वर्णन केलं आहे. आपल्याकडे त्याला व्रतभंग म्हणता येईल. एकदा मोडलं की माणूस ‘त्या जागी चुकलो’ असं म्हणत नाही, ‘मी मुळातच असा’ म्हणतो, आणि मग उरलेलं पाकीट संपवायला काहीच हरकत राहत नाही. माणसाला परत खेचून नेण्याचं काम त्या दोन सिगारेटींनी जेवढं केलं नसतं, तेवढं ती लाज करते. आमच्या गप्प बसण्याने त्या लाजेवर शिक्का मारला होता. काकांनी पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला. तोवर त्यांना दुसऱ्या मजल्यावर चढताना दोनदा थांबावं लागत होतं. या खेपेला नियम बदलला. जो फोन उचलणार नाही, त्याच्या घरी त्याच रात्री दोघांनी जायचं. फराळ खायचा, विषय त्याने काढला तरच बोलायचं. काका त्या दिवाळीत एकदा चुकले. मावशी आणि रिक्षावाले साडेनऊला त्यांच्या दारात होते. ज्यांच्याकडे असं कुणी नाही त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही समुपदेशन मिळतं.

आता गटात चार जण उरलो आहोत. तरुण बंगळुरूला गेला आणि शिक्षिकाबाईंना फोनची गरज उरली नाही. यंदा माझा जुना कंपू ३१ डिसेंबरला पुन्हा दापोलीला जमणार आहे आणि मी जाणार आहे. त्या रात्री अकरा ते बाराची पाळी काकांची आहे. पडवीत ओढणाऱ्यांत उभं राहायचं की आत जेवणाऱ्यांत बसायचं, हे त्यांनी मला आत्ताच विचारून घेतलंय. मी आत बसणार आहे, दाराकडे पाठ करून.